रस्त्याच्या पडद्यावरचं घर

२९ एप्रिल

विंदीने, म्हणजे माझ्या सुनेने, ईदला ही दैनंदिनी दिली. "आई, तुम्ही एकट्या असता, मनातलं लिहीत जा." मी एकटी असते हे हिला कुणी सांगितलं? समोरच्या टपरीतली यू तार्मी, म्हणजे तार्मीताई, सकाळी सोतोचं, कोंबडीच्या रश्श्याचं, पातेलं चुलीवर चढवते तेव्हापासून माझ्या अंगणात माणसांची ये-जा सुरू होते. कुणी मीठ मागायला, कुणी भांडण सोडवायला. तीस वर्षं मी बंदरावर मासळीच्या लिलावात बोली पुकारली. माझा आवाज एवढा मोठा, की मनातलं मनात राहतच नाही. मग लिहायला उरणार काय?

पण वही चांगली आहे. वाया कशाला घालवा.

लिहिण्यासारखं एक आहे. माझा मुलगा हानुंग काल बातामला परत गेला. जाताना अंगणात उभा राहून घराकडे बघत म्हणाला, "आई, एक गिऱ्हाईक आहे. जागा त्याला पसंत आहे. तू आमच्याकडे ये. नवव्या मजल्यावरून समुद्र दिसतो." मी म्हटलं, समुद्र मी आयुष्यभर नाकाने बघितलाय, आता डोळ्यांनी नाही बघितला तरी चालेल. तो हसला नाही. बापासारखाच, माझ्या विनोदांना हसायचं नाही. मग मी म्हटलं, धरणीची जत्रा होऊ दे, मग सांगते. जत्रेचा अपित महिना संपायच्या आत उत्तर देईन.

वचन देऊन बसले खरी. घर विकायला नको वाटतं आणि पोरगं चुकीचं बोलतंय असंही नाही. यजमान, दर्माजी, जाऊन सहा वर्षं झाली. या घरात ताटं दोन आणि जेवणारी एक. हे मात्र तार्मीलासुद्धा बोलले नव्हते.

३ मे

लुराहबाईंनी, म्हणजे आमच्या सरपंचबाईंनी, बोलावलं होतं. जत्रेच्या महिन्यात बाहेरगावचे लोक आमची केतोप्राक बघायला येतात, नाटक बघतात आणि जातात. लुराहबाई म्हणतात, त्यांना गावातली कला दाखवा. फिरवा. समजावून सांगा. "आणि बू मुर्वानी, तुमच्याइतकं मोठ्याने समजावणारं गावात कोण आहे?" हे कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. मी कौतुक धरलं.

खरं सांगायचं तर मला गावातली कला काही माहीत नाही. नाटकं बघितलीत, मुकाट्याने नाही, पण बघितलीत. सुंबरपांडानात सहा नाटकमंडळ्या आहेत, दगड मारला तर तो राजपुत्राला किंवा चोराला लागेल. पण ही मंडळी मुकुट कुठून आणतात, झांजा कोण बनवतं, कधी विचारलंच नाही. तेव्हा उद्यापासून आधी माझी मलाच सैर.

तार्मी म्हणाली, "मुर, तुला लोकांच्या घरात शिरायचंच होतं. आता सरकारी परवाना मिळाला." तिला काय बोलायचं!

५ मे

पायांचे तुकडे पडले, पण मजा आली. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक बाई खोट्या मिशा विणते. खऱ्या केसांच्या! राजाच्या वेगळ्या, सेनापतीच्या वेगळ्या, खलनायकाच्या टोकाला वळलेल्या. दोरीवर वाळत घातल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, रात्री यांच्याकडे बघून भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "नवरा गेल्यापासून तेवढीच सोबत." दोघी पोट धरून हसलो.

मग घंटा जुळवणारा म्हातारा. कानाला लावून ठोकतो, आतून मेण चिकटवतो, पुन्हा ठोकतो. मला म्हणाला, तुमचा आवाज मोठ्या घंटेच्या किंचित वर लागतो. हे मात्र नक्की कौतुक होतं.

शेवटी मंडळीच्या कोठारात पडदे बघायला गेले. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा, तुरुंगाचा. मग रस्त्याचा पडदा उलगडला. सगळे गावातले प्रसंग, प्रेमं, भांडणं, चोऱ्यामाऱ्या याच्यापुढेच होतात. मी वीसदा तरी बघितला असेल, पण लांबून, मागच्या रांगेतून, तोंडात शेंगदाणे घालून. आज जवळून बघितला आणि हातातली पिशवी खाली पडली.

मधोमध माझं घर! निळ्या खिडक्या, डाव्या कोपऱ्यात फुटलेलं कौल, दारातली पायरी, जांबाचं झाड. भिंतीला टेकवलेली सायकलसुद्धा. दर्माजींची, पोस्टाची, मागे पिशवी बांधलेली.

इतकी वर्षं चोर माझ्या दारात मारामाऱ्या करतायत आणि मला पत्ता नाही!

६ मे

आज उरलेल्या पाच मंडळ्यांची कोठारं धुंडाळली. सगळ्यांच्या रस्त्यावर माझंच घर. सगळे पडदे एकाच माणसाच्या हातचे, कांग कास्मिन पेंटर. कांग म्हणजे आपला दादाच, सगळं गाव त्यांना कांग म्हणतं. भातगिरणीमागे त्यांची शेड आहे. मोजकं बोलणारा माणूस. बायको जाऊन फार वर्षं झाली. रोज सकाळी तार्मीकडे सोतो खायला येतात, माझ्या दारासमोर बसतात, "बू मुर" म्हणून मान हलवतात आणि जातात. एवढीच ओळख. हो, आणि दर्माजींचे ते दोस्त होते.

एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या पडद्यांवर सायकल आहे. नव्या दोन पडद्यांवर सायकल नाही. पायरीवर एकच चपलांचा जोड आहे, बायकांचा. पट्टा शिवलेला. तो माझाच पट्टा, मी स्वतः शिवलाय.

माणूस काटेकोर आहे, हे मान्य करावं लागेल. पण विचारायला नको? संताप संताप झाला. रात्री तार्मीला सांगितलं तर ती म्हणते, "अय्या, तुला आज कळलं?" म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक! मीच तेवढी खुळी.

८ मे

आज जाऊन चांगलं सुनावलं. कांग फरशीवर पसरलेल्या कापडावर उकिडवे बसले होते, खराट्याएवढ्या ब्रशने आभाळ भरत होते. माझा आवाज ऐकून उभे राहिले, हात पुसले, ते आणखीच निळे झाले.

मी विचारलं, "कांग, माझं घर नाटकात घालायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?"

ते म्हणाले, "पाक दर्माजींनी."

माझेच यजमान! मी तिथल्या पालथ्या डब्यावर बसले. भांडायला आले की मी सहसा बसत नाही.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. पहिला रस्ता रंगवताना कुठलं घर घालावं ते सुचेना. दर्माजी टपाल द्यायला आले होते, ते म्हणाले, माझंच घाल ना, निदान नाटकात तरी माझी बायको मला बाहेर रस्त्यावर उभं करणार नाही. दोघे खूप हसले म्हणे. मला घरी येऊन काही सांगितलं नाही त्या माणसाने. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. कांगनी तोंड फिरवून ब्रश धुवायला घेतला. तेवढी रीतभात आहे.

डोळे पुसून मी म्हटलं, "ते झालं जुन्यांचं. ते गेल्यावर रंगवलेल्या दोन पडद्यांचं काय?" कांग ब्रश धुतच राहिले. स्वच्छ झालेला ब्रश किती धुवायचा?

मग मी चुका काढल्या. विहीर डावीकडे नाही, उजवीकडे. जांब तीन वर्षांपूर्वी वादळात पडला, पडद्यावर अजून उभाच. ते म्हणाले, "विहिरीचं चुकलं. जांबाचं माहीत होतं. तो मला पाडवला नाही."

येताना बजावून आले, यापुढे मला विचारल्याशिवाय माझं घर काढायचं नाही. "बरं," म्हणाले. दोन अक्षरी माणूस.

ता. क. त्यांच्या शेडमधून माझं घर दिसत नाही. नुसती गिरणीची भिंत दिसते. मग फुटक्या कौलापर्यंतचं सगळं पाठ कसं केलं? तार्मीच्या बाकावरून बघितलं असणार. ती म्हणते, "मुर, तो माणूस कोंबडी खात नाही." मी म्हटलं, मग सोतो कसला खातो? तर म्हणे, नुसतं पाणी आणि भात, वर्षानुवर्षं. काय एकेक खोडी असतात लोकांच्या. बाकी ठिकाणी बिनकोंबडीचं मिळतं की.

१४ मे

शेजारच्या वाडीत लग्न होतं, दुपारी केतोप्राक होती. गावात येणाऱ्यांना समजावायचं तर आपण नीट बघायला हवं, म्हणून यंदा पुढच्या रांगेत बसले. तार्मी बरोबर होती, रुमालात लवंगी सिगारेटचं पाकीट बांधून. तिची जुनी खोड. आमच्याकडे जो नट आवडतो त्याच्याकडे पाकीट फेकतात. तार्मी दरवेळी राजपुत्राकडे फेकते. राजपुत्र बदलतात, तार्मी बदलत नाही.

राजपुत्र झाला, लढाई झाली, रस्त्याचा पडदा पडला आणि केंपुल आला. केंपुल म्हणजे सोंगाड्या, खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. पोट पुढे, टोपी वाकडी. आला तो सरळ माझ्या घराकडे वळून म्हणाला,

"मायबाप, हे दार बघा! या दारापुढे मी प्रेम केलं, मार खाल्ला, दोनदा तर मेलोसुद्धा. एकदा तरी आतून कुणी आलं का, बाबा, पाणी पी म्हणून?"

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

"आणि आता ऐकतो, घरवाली बातामला निघाली! नववा मजला! आमचे पेंटरदादा आता काय रंगवणार? नऊ मजले? अहो, प्रेमाचं गाणं मी कुणाकडे बघून म्हणू? मान मोडेल माझी!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरची गोष्ट, माझ्या मुलाचं बोलणं, आणि हा पोट वाजवून सांगतोय! तार्मीकडे बघितलं तर ती चपलेचा पट्टा नीट करत होती. दोन्ही पट्टे धड होते.

बाजूला वाद्यांमागे कांग उभे होते. पडदे ओढणाऱ्यांबरोबर उभे राहतात नेहमी. ते तेवढे हसत नव्हते. माझं घर विकायचं चाललंय हे त्यांना बहुतेक आजच कळलं. चेहरा अगदी उतरला होता. माझी बदनामी झाली म्हणून वाईट वाटलं असणार. भला माणूस आहे.

१५ मे

केंपुलला बाजारात गाठलं. म्हटलं, "माझं घर म्हणजे काय तुझ्या आजोबाची गादी? वाटेल ते बोलतोस!"

तो नारळ वाजवून बघत होता. म्हणाला, "बू, आमच्यात काही लिहिलेलं नसतं. मॅनेजर सकाळी सांगतो, तू चोर, तू राजा, तू शेवटी मर. बाकी सगळं आम्ही पडद्याकडे बघून बोलतो. पडदा जे म्हणतो तेच मी म्हटलं."

"पडदा काय म्हणतो?"

"ते तुम्ही पडद्याला विचारा. मला विचारलंत तर मी मांडवात सांगेन."

चक्रम माणूस. नारळ मात्र चांगला निवडून दिला.

२१ मे

अपित लागला आणि पहिले पाहुणे आले. जोगजा शहरातल्या कलाशाळेची मुलंमुली. सगळ्यांच्या पायांत जड बूट, कपड्यांवर मुद्दाम सांडल्यासारखे रंग. मी माझी सैर अशी झकास नेली की काय सांगू. मिशावाल्या बाईने एका मुलाला सेनापतीची मिशी लावून बघितली, तो ती काढेचना. घंटावाल्याने सगळ्यांचे आवाज जुळवले. मी मधोमध चालत बोली पुकारल्यासारखी माहिती देत होते आणि लोक घराबाहेर येऊन ऐकत होते. इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं. आपल्याच गावात मी पाहुणी होते इतकी वर्षं, असं वाटलं.

कांगच्या शेडमध्ये मात्र एका मुलीने, आखूड केसांच्या, गडबड केली. दोन-तीन जुने पडदे बघून तिने विचारलं, "बू, प्रत्येक रस्त्यावर हेच घर का? इथे कोण राहतं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. असंच एक घर आहे."

कांग म्हणाले, "राहतं."

एवढंच. मग खाली बसून हिरवा रंग ढवळायला लागले. ती मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्या चपलेच्या शिवलेल्या पट्ट्याकडे बघते आहे आणि हसते आहे. हल्लीच्या मुलांना कशाचंही हसू येतं. मी त्यांना सोतो खायला नेलं. जाताना ती माझा हात कपाळाला लावून म्हणाली, "बू, पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल ना?" मी उत्तर टाळलं, ते मला स्वतःलाच आवडलं नाही.

२४ मे

हानुंगचा फोन. गिऱ्हाईक घाईवर आलंय. "आई, जत्रा कधी आहे तुझी?" जशी काही जत्रा मी भरवते. मी म्हटलं, दिल्या शब्दाची आहे मी. तो म्हणाला, "तू पडलीस-बिडलीस तर कळणार कुणाला?" पोराच्या आवाजात काळजी होती, म्हणून रागावता आलं नाही. मी पडले तर पहिल्यांदा तार्मीला कळेल. दुसऱ्यांदा कुणाला कळेल, याचा विचार केला आणि उगाच कांगचा बाक डोळ्यांपुढे आला. अर्थात, समोरच बसतात तर कळणारच.

संध्याकाळी तेच फाटकाशी आले. तार्मीच्या बाकावर रोज बसणारा माणूस, पण रस्ता ओलांडून माझ्या फाटकाशी दर्माजींच्या मातीनंतर आजच आला. आत या म्हटलं तर आले नाहीत. टोपी हातात.

"बू मुर, जत्रेसाठी नवा रस्ता रंगवतोय. तुम्ही म्हणाला होता, विचारून काढा. म्हणून विचारायला आलो. घर ठेवू, की नको?"

खरं तर साधा प्रश्न. हो किंवा नाही. लिलावात मी डोळ्याची पापणी लवायच्या आत हजार माशांचा निकाल लावायचे. आणि आज म्हटलं, "सांगते. बघू."

"बरं," म्हणाले. मग जाता जाता, "विहीर उजवीकडे घेतलीय."

२ जून

अजून सांगितलं नाही. ना हानुंगला, ना कांगला. रोज ठरवते, आज सांगू. सकाळी कांग बाकावर येतात, मान हलवतात, विचारत मात्र नाहीत. नुसता भात आणि पाणी खाऊन जातात. एकदा विचारलं असतं तर मी चिडले तरी असते, आणि चिडले की मला उत्तरं सुचतात.

तार्मी आज पातेलं घासताना म्हणाली, "मुर, तू गेलीस तर मी सोतो कुणासमोर विकू?" नेहमीसारखी चेष्टा असेल म्हणून बघितलं तर तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, अगं, गिऱ्हाइकांसमोर वीक. मग राख घेऊन मीही तिचं एक पातेलं घासलं.

मला जायचं नाही. हे लिहिताना इतकं सोपं वाटतंय. पण पोराला सांगायचं तर काहीतरी कारण हवं. घरात ताटं दोन आणि जेवणारी एक, हे काही राहण्याचं कारण नव्हे, ते तर जाण्याचं कारण झालं.

७ जून

धरणीची जत्रा.

सकाळी भाज्या-फळांचा डोंगर मिरवला, लोकांनी ओरबाडला, मला एक वांगं आणि अर्धी काकडी मिळाली. पाहुणे बक्कळ आले होते. माझी सैर दोनदा झाली. ती आखूड केसांची मुलगीही आली होती, आईला घेऊन. दुपारी मैदानात केतोप्राक सुरू झाली. सगळं गाव लोटलं होतं, बसायला जागा नाही, म्हणून मी आणि तार्मी मागे, नारळाखाली उभ्या.

राजवाडा झाला. जंगल झालं. मग मॅनेजरने लाकडी ठोकळ्यावर टक् टक् केलं आणि नवा रस्त्याचा पडदा खाली आला.

इतका सुंदर रस्ता मी बघितला नव्हता. गिरणी, मशिदीचा मनोरा, तार्मीची टपरी धुरासकट, उजवीकडे विहीर. जांब होता, फळांनी लगडलेला. आणि मधोमध, जिथे माझं घर असतं तिथे, कोरं कापड. घराच्याच आकाराचं. छपराची उतरती रेघ, पायरी, सगळं आजूबाजूच्या रंगाने बरोबर कापलेलं, आत मात्र पांढरं.

मैदानभर कुजबुज सुरू झाली. अर्धवट पडदा लोकांपुढे आणत नाहीत, कधीच नाही, मंडळीची लाज जाते. लुराहबाईंनी तोंडावर हात घेतला. आणि मला एकटीला ठाऊक होतं ते का कोरं आहे. विचारल्याशिवाय काढायचं नाही असं मीच बजावलं होतं. विचारून गेले ते, आणि मी सांगितलं नाही. त्या माणसाने ना स्वतःच्या मनाने घातलं, ना पुसलं. सगळ्या गावादेखत स्वतःचं हसं होऊ दिलं, पण माझ्या शब्दाबाहेर गेला नाही.

केंपुल आला. पडद्याकडे बघितलं. हात फिरवून चाचपलं. मग हळूच म्हणाला, "मायबाप, घर हरवलं. काल होतं. आता मी मरू कुणाच्या दारात?" कुणी हसलं नाही.

वाद्यांच्या मागे कांग उभे होते, मान खाली, हात निळे.

मला काय झालं कोण जाणे. तार्मीच्या हातातलं रुमालात बांधलेलं पाकीट मी ओढलं. ती ओरडली, "अगं, ते राजपुत्राचं!" मी फेकलं. तीस वर्षं माशांच्या टोपल्यांत लांबून बिल्ले टाकलेत, नेम अजून शाबूत आहे. डोक्यांवरून गेलं आणि कोऱ्या कापडावर, बरोबर जिथे दार असतं तिथे, थाड करून आदळलं.

केंपुलने उचललं. त्याचं तोंड एकदम उजळलं. "हे कुणाला? मला? मला कशाला कुणी देतंय! राजपुत्राला?"

"नाही!" मी ओरडले. भोंग्याची गरज पडली नाही.

"राजाला? की आम्हा चोरांना?"

"ज्याने जागा ठेवली त्याला!"

पेंटरकडे पाकीट फेकलेलं आमच्या गावात आजवर कुणी बघितलं नव्हतं. आणि मग जो ओरडा झाला! म्हातारे, पोरं, मिशावाली बाई, सगळे. केंपुलने कांगना हाताला धरून ओढत रंगमंचावर आणलं. साठी उलटलेला माणूस, आयुष्य पडद्यामागे गेलं, आज दिव्यात उभा राहून नुसता डोळे मिचकावत होता. कुणीतरी निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश पुढे केला. कांगनी आधी छपराच्या रेघा ओढल्या. मग खिडक्या. फुटकं कौल विसरले नाहीत. वाद्यवाले त्यांच्या हाताबरोबर हळूहळू वाजवत होते. मग दाराशी येऊन थांबले. वळले. इतक्या गर्दीत त्यांनी मला कसं शोधलं ते कळलं नाही, पण सरळ माझ्याकडेच बघितलं.

"बू मुर," म्हणाले. आवाज पोचला नसता, पण मैदानात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "दार उघडं, की लावलेलं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तार्मी माझ्या दंडाला इतके चिमटे काढत होती की अजून दुखतंय.

मी म्हटलं, "उघडं! दिवसाढवळ्या दार लावून कोण बसतं?"

८ जून

हानुंगला सकाळीच फोन केला. म्हटलं, गिऱ्हाइकाला सांग, घर देता येत नाही, ते पडद्यावर गेलंय. त्याला अर्थ कळला नाही. विंदीला कळला. ती मागून ओरडली, "आई, कोण आहे?" मी म्हटलं, कोण असायचंय, इथे जत्रेची गर्दी आहे, नंतर बोलते. ही मुलगी वाटते तेवढी साधी नाही. वही तिनेच दिली होती, म्हणा.

सगळं गाव काहीतरी समजून चाललंय. पाकीट मी चांगल्या कामाला दिलं, एवढंच. विहीर बरोबर काढली त्यांनी. हे मी तार्मीला ठणकावून सांगितलं, तर ती म्हणाली, "हो ना, विहिरीसाठीच रडत होतीस," आणि राजपुत्राच्या पाकिटाची भरपाई मागितली.

कांग नेहमीच्या वेळी बाकाशी आले. तार्मी कमरेवर हात देऊन उभी राहिली. "कोंबडी खात नाहीस, वाडगाभर पाणी पितोस, आणि माझा बाक अडवतोस. आज सोतो नाही. समोर जा!" बिचारे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मग बघतात तर माझं दार उघडं. ते रोजच उघडं असतं, उन्हाळा आहे. सोयाबीनचे तेंपेसुद्धा आज मी जरा जास्तच तळले होते, पीठ उरलं होतं म्हणून.

पायरीवर चपला काढल्या, माझ्या चपलांच्या शेजारी, अगदी नीट जोडून. दुसरं ताट घेतलं. तीन तेंपे खाल्ले, कॉफी प्यायले, आणि बराच वेळ समोर बघत बसले.

"इथून तार्मीची टपरी किती वेगळी दिसते," म्हणाले.

मी म्हटलं, "रंगवायची असेल तर आधी तिला विचारा."